सुपडू आबांचा टाका

एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी ती कागदावर राहील. शिलाई उसवली नव्हती. कापड फाटले होते, आणि ते कापड मी निवडले होते.

हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी जळगावात, एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात सात-आठ माणसांसमोर बोलायला हवे होते. मी बरोबर उलटे बोललो. ज्यांच्याविषयी बोललो ते सुपडू आबा माझ्यापासून चार हातांवर उभे होते.

आबा धुळ्याचे, पांझरेपलीकडच्या देवपुरातले. ताडपत्र्या, तंबू, जीपची छपरे, ट्रकचे हूड शिवणे हा त्यांचा धंदा. आधीची दोन भावंडे जन्मताच गेली, म्हणून आईने यांना सुपात घातले आणि नाव ठेवले सुपडू. आबा स्वतःच सांगायचे, "बठ्ठा उडी गयात, मी सुपमाच राही गऊ." म्हणजे बाकीचे सगळे उडून गेले, मी सुपातच राहिलो. हे सांगताना ते हसायचे, पण हातातली सुई थांबायची नाही. त्यांच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला चार-पाच जाड सुया नेहमी खोचलेल्या असत. नमस्कार करताना टोपी काढायची वेळ आली तर समोरचा माणूस दोन पावले मागे सरकायचा.

गळ्यात मोजपट्टी असायची, पण मोजायचे ते वितीने. मी एकदा विचारले, "आबा, मग ही पट्टी कशाला?"

"पट्टी गिऱ्हाइकना समाधानसाठे," ते म्हणाले. "माप वीतनं."

कोणी गॅरंटी विचारली की त्यांचे एकच उत्तर. यावलकडून केळीचे ट्रक भरून नेणारा एक ड्रायव्हर माझ्यासमोरच ताडपत्री घ्यायला आला होता. तो म्हणाला, "आबा, गॅरंटी किती वर्षांची?" आबांनी बोट वर केले. ड्रायव्हरला वाटले, एक वर्ष. त्याने तोंड वाकडे केले. आबा म्हणाले, "एक नही रे भो. वर दखाडी ऱ्हायनू. उन्हाले इचार."

ऊन. आबांचा सगळा कारभार उन्हावर होता. त्यांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चार दोऱ्या बांधलेल्या असत आणि त्यांच्यावर उन्हाळाभर, पावसाळाभर कापडाचे तुकडे लटकत. तुकडा वितीएवढा. आबांचा नियम असा की ज्या कापडाने त्यांच्या धाब्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला नाही, त्याला सुई लावायची नाही. नुसते लटकवून ते सोडत नसत. रोज संध्याकाळी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायचे, प्रत्येक तुकड्याची एकाच जागी घडी घालायचे, वर दगड ठेवायचे. सकाळी पुन्हा उघडून उन्हात. शेजारचे लोक खालून ओरडायचे, "आबा, आज कोना झेंडा?" आबा वरूनच म्हणायचे, "तुना बापना!"

दसऱ्याच्या सुमारास ते तुकडे खाली उतरवत. मग परीक्षा. डोळे मिटायचे, तुकडा कानाजवळ धरायचा आणि घडीवर फाडायचा. कडक आवाज आला तर म्हणायचे, "पापड." जोर लावल्यावर फाटले तर, "भाकर. आज चाली, सकायले शियी." म्हणजे आज चालेल, उद्या शिळी. जो तुकडा फाटायचाच नाही त्याला मात्र नाव नव्हते. तो ते खिशात घालायचे आणि खाली येऊन सुनेला सांगायचे, "चहा ठेव वं, रेखा."

मी त्यांच्याकडे गेलो तो एका गाडीमुळे. जळगावला ठिबक सिंचनाच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे प्रयोगशाळेत होतो. नळी उन्हात किती दिवस टिकेल हे ठरवणे माझे काम. निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेतली. आत झोपायची सोय, छोटी शेगडी, आणि वरचे छत एका बाजूने उचलता येणारे. छत उचलले की गाडीच्या आणि छताच्या मधल्या मोकळ्या जागेला चारही बाजूंनी कापडाची भिंत, जणू गाडीच्या डोक्यावर छोटा तंबू. त्यात दोन माणसे झोपू शकतात. छत खाली आणले की कापड घड्या पडून आत बसते. माझी पत्नी सुमन फैजपूरची. तीस वर्षे माझ्या आजारी आईला सोडून ती कुठे गेली नव्हती. आई गेल्यावर ती मला म्हणाली होती, "आता मला हॉटेलात नका नेऊ. जिथे सकाळी दार उघडलं की झाड दिसेल तिथे न्या." म्हणून ती गाडी.

पण मागच्या मालकाने तंबूचे कापड कुजवून ठेवले होते. काळे डाग, वास, दोन ठिकाणी भोके. कोणीतरी देवपूरचा पत्ता दिला. आबांनी छत उचलायला लावले, नाक आत घातले आणि म्हणाले, "ओलं घडी करेल शे. कोन होता तो?"

"आधीचा मालक."

"त्याले सांगा, ओलं पोर भी कोनी पेटीमा नही घालत."

मग ते छत वर-खाली करत बसले. पाच-सहा वेळा. शेवटी म्हणाले, "हाऊ ते भाता शे." भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्यांचे भाते ते दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना ते लगेच दिसले. पेटीचा भाता फाटतो तो कापड पातळ असते म्हणून नव्हे, तर रोज त्याच रेषेवर दुमडतो म्हणून. तंबू, ताडपत्री, हूड ही सगळी सपाट कामे. हे दुमडीचे काम आहे, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळले होते. मला एकतीस वर्षे प्रयोगशाळेत काढून कळले नाही.

खिडकीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. तंबूला जाळीच्या खिडक्या लागतात. मी कागदावर मापे काढून नेली होती. आबांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि सुमनला विचारले, "ताई, झोपतांना डोकं कोनकडे करतीस?"

सुमन लाजली. मग वर चढून त्या जुन्या फाटक्या तंबूत आडवी झाली. आबा बाहेर शिडीवर. त्यांनी बाहेरून कापडावर बोट टेकवले, "आठे दिसस का? का आठे?" ती आतून, "जरा खाली, आबा. अजून जरा." जिथे तिच्या पडल्या पडल्या डोळ्यांची रेघ आली तिथे त्यांनी खडूची फुली मारली. नवीन तंबूची खिडकी त्या फुलीवर झाली. तोपर्यंत माझ्या बायकोला कोणी विचारले नव्हते की पडल्यावर तुझे डोळे कुठे येतात. मीही नाही.

आता कापड. तीन नमुने जमले. एक जाड सुती कॅनव्हास. दुसरे सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले. तिसरे मी सुरतेहून आणलेले, राखाडी, हलके, आतून पातळ लेप दिलेले, पाण्याचा थेंब न धरणारे. मला तिसरे आवडले होते. सुती कापड जड, ओले राहिले की पुन्हा बुरशी. आबांना सुती आवडत होते. ते म्हणायचे, पावसात सूत फुगते आणि सुईचे भोक आपोआप बुजते, शिवाय आत माणूस श्वास घेतो त्याची वाफ बाहेर जाते. पण आवडीने ठरवायचे नाही, हा त्यांचा नियम. होळीच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही तुकडे दोरीवर चढले.

त्याच वेळी मी तिसऱ्या कापडाचा एक तुकडा माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे दिला. आमच्या प्रयोगशाळेत एक पेटी होती. तिच्यात दिव्यांचे कडक ऊन पाडून काही आठवड्यांत काही वर्षांचे ऊन दाखवता येत असे. आबांना मी ती पेटी दाखवायला मुद्दाम जळगावला आणले. मला त्यांना थोडे दिपवायचे होते, खोटे कशाला बोलू. ते काचेतून बराच वेळ बघत राहिले. आत माझा राखाडी तुकडा चौकटीत ताणून, अगदी सपाट बसवलेला होता.

"ऊन ते शे," ते म्हणाले. "घडी कोन घालस?"

मी हसलो. माझा सहकारीही हसला. आबाही आमच्याबरोबर हसले, आणि बाहेर येऊन त्यांनी टोपी नीट केली.

जूनमध्ये मी धाब्यावर गेलो तेव्हा आबांनी राखाडी तुकडा माझ्या हातात दिला. घडीच्या जागी एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. केसाएवढी.

"भाऊ, रेघ दखा."

"ती नुसत्या लेपाची आहे, आबा. कापडाची नाही."

"व्हई. पन पावसाया जाऊ द्या. दसराले फाडूत."

दसऱ्यापर्यंत थांबायला माझी तयारी नव्हती. त्याचे कारण किशोरशेठ. हे जळगावचे एक व्यापारी, घरचा कापडाचा धंदा, माणूस हौशी. अजिंठा, पाल, तोरणमाळ या भागात पर्यटकांना अशा दहा गाड्या भाड्याने द्यायच्या त्यांच्या मनात होते. माझी गाडी त्यांनी पाहिली आणि मला म्हणाले, "काका, तुम्ही आमचे तांत्रिक सल्लागार. तुमच्या गाडीचा तंबू नमुना म्हणून करा. जमला तर दहाचं काम तुमच्या मिस्तरीला." निवृत्तीनंतर कोणी मला काहीच म्हणत नव्हते. सल्लागार हा शब्द मी घरी तीनदा उच्चारला. सुमन म्हणाली, "भाजी आणायचा सल्ला द्या आधी."

आबांसाठीही ते काम मोठे होते. ट्रकवाले आता बाजारातून तयार ताडपत्री घेऊ लागले होते. दहा गाड्यांचे तंबू म्हणजे दोन वर्षे हाताला काम, आणि मुख्य म्हणजे मनाजोगते काम. रेखा मला एकदा हळूच म्हणाली होती, "काका, त्या भात्याचा विचार करत आबा जेवताना रुमालाच्या घड्या घालत बसतात."

जुलैमध्ये पेटीचा अहवाल आला. कापड उत्तीर्ण. मी तो घेऊन देवपूरला गेलो. आबांनी कागद उलटा-सुलटा केला, रेखाकडून वाचून घेतला, आणि परत देत म्हणाले, "कागद ते पास शे. कापडनं दखूत."

"आबा, शेठ थांबणार नाहीत."

"मंग दुसरा कोनी शिवस का दखा."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "आबा, मी एकतीस वर्षं हेच केलं. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

आमच्याकडे ओट्यावर बसून, चहा घेऊन, एका वडीलधाऱ्या माणसाला असे विचारणे म्हणजे त्याचा हात पिरगाळणेच. त्याला नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत होते. आबांनी चहाची बशी खाली ठेवली. मग टोपीतून एक सुई काढली, तिच्यात दोरा ओवला आणि म्हणाले, "तुमना शब्दवर शिवस."

पन्नास वर्षांत उन्हाळा-पावसाळा न पाहिलेल्या कापडाला त्यांनी सुई लावली ती एकदाच. ती माझ्यासाठी.

तंबू सुंदर झाला. बाहेरच्या शिवणी दुहेरी, कोपऱ्यांना आतून चामड्याची ठिगळे, खिडक्यांना वरून पापणीसारखी झालर. एका आतल्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एकच उभा टाका. तो त्यांच्या प्रत्येक कामात असायचा. मला तो सुमनने दाखवला. तिने विचारल्यावर आबा म्हणाले, "मना आंगठा शे तो."

त्या हिवाळ्यात आम्ही दोनदा पालला जाऊन आलो. सकाळी सुमन उठायचीच नाही. पडल्या पडल्या खिडकीतून सागाच्या झाडांकडे बघत राहायची. जानेवारीत अशाच एका सकाळी मी छत बंद करायला गेलो आणि घडीच्या रेषेतून मला उजेड दिसला. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, ओळीने. मी आतून चिकटपट्टी लावली. सुमन खाली चहा करत होती. तिने मान वर करून विचारले, "काय चिकटवताय?"

"काही नाही. किडा होता."

आबांना मी फोन केला नाही. शेठनाही नाही. मला वाटले, शेठच्या भागीदारांसमोरचे एप्रिलमधले प्रात्यक्षिक एकदा पार पडू दे, मग कापड बदलायचे काहीतरी कारण काढता येईल.

मंगल कार्यालयातले प्रात्यक्षिक सकाळी दहाला होते, पण एप्रिल म्हणजे दहालाच पटांगणातली फरशी पायाला चटके देत होती. किशोरशेठ, त्यांचे दोन भागीदार, त्यांच्या घरची काही मंडळी. आबा धुतलेला पांढरा शर्ट घालून पहाटेच्या एसटीने आले होते. बरोबर सुयांचा डबा, काही कमी-जास्त लागले तर. शेठनी त्यांना हात जोडले. "मिस्तरी, दहा गाड्या बोलावताहेत तुम्हाला." आबा सगळ्यांकडे बघून हसले.

मी खटका सोडला. छत वर गेले. अर्धे गेले तेव्हा आवाज आला.

तो आवाज पटांगणातल्या कोणालाच काही सांगत नव्हता. आबांचे डोळे मात्र मिटले. त्यांचे ओठ हलले आणि मला ऐकू आले, "पापड."

मग फाटत गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शिवणीच्या बरोबरीने, पण तिच्यापासून बोटभर अंतरावर, सरळ घडीच्या रेषेवर. सुमनची खिडकी लोंबू लागली.

किशोरशेठ चिडले नाहीत, हे सांगायला हवे. त्यांनी सरळ विचारले. "काका, हे कशामुळे? कापड गेलं की शिलाई?"

माझ्या हातात फाइल होती. फाइलमध्ये तो अहवाल, खाली माझी सही. मी म्हणालो, "शिलाई. टाका फार जवळजवळ घेतलाय. सुईच्या भोकांनी कापड कापलं गेलं."

हे खरे वाटण्यासारखे होते. बारीक टाक्याने कापड कापले जाते, हे कोणीही मिस्तरी सांगेल. म्हणूनच मी ते निवडले. एवढ्या झटक्यात, एवढे तयार खोटे माझ्याकडे कुठून आले याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. ते जानेवारीपासूनच तयार असणार.

आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना फक्त पुढे होऊन बोट ठेवायचे होते, टाका इथे आहे, फाट इथे आहे. पन्नास वर्षे सुई चालवलेला माणूस होता, एका वाक्यात मला आडवा करू शकला असता. ते पुढे आले नाहीत. म्हणाले, "व्हई, साहेब. मनाच हातनी चूक शे."

तोपर्यंत त्यांनी मला कायम भाऊ म्हटले होते.

मी त्यांना गाडीने सोडतो म्हणालो. ते म्हणाले, "एसटी शे ना." सुयांचा डबा काखेत घेऊन ते फाटकाबाहेर गेले. त्यांनी तेव्हा गप्प राहून मला वाचवले असे मी बरेच दिवस समजत होतो. आता तसे वाटत नाही. नियम मोडून सुई लावली, म्हणजे चूक आपलीच, असे त्यांना खरोखरच वाटले असावे. माझे खोटे त्यांनी खरे म्हणून घेतले. त्याहून वाईट दुसरे काही मला सुचत नाही.

घरी सुमनने तंबू काढून दिवाणखान्यात पसरला आणि चष्मा लावून गुडघ्यांवर बसली. बोटाने शिवण चाचपत चारही बाजू फिरली. मग म्हणाली, "टाका न टाका जागेवर आहे हो. फाटलंय ते घडीवर." मी वर्तमानपत्र वाचत होतो. "आणि हा किडा इथेच होता ना?" ती म्हणाली. चिकटपट्टी तिच्या हातात होती.

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही.

पुढचे सगळे मला इकडून-तिकडून कळत गेले. धाब्यावरच्या दोऱ्या आबांनी सोडल्या. मोठी कामे घेईनासे झाले. शाळेची दप्तरे, डब्यांच्या पिशव्या एवढेच शिवत. तोच यावलचा ड्रायव्हर मला जळगावच्या पेट्रोल पंपावर भेटला. म्हणाला, "आबांचं काय बिनसलं, काका? ताडपत्री घेऊन गेलो तर म्हणे दुसरीकडे ने, माझी शिलाई उसवते. एवढ्या वर्षांत त्यांची शिलाई मी तरी उसवलेली पाहिली नाही." मी गाडीत हवा किती भरली आहे ते बघत राहिलो.

मी तीन वेळा धुळ्याला गेलो. पहिल्यांदा पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा पूल ओलांडला, एकवीरेच्या देवळात जाऊन नारळ फोडला आणि प्रसाद घेऊन जळगावला आलो. सुमनने प्रसाद घेतला आणि विचारले, "देवीला सांगितलंत का मग?" तिसऱ्यांदा आबांच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो. तिथून धाबे दिसत होते. वर रेखाने कपडे वाळत घातले होते, साधे घरचे कपडे. मी वळलो.

गेल्या वर्षी आबांना लकवा झाल्याचे कळले. उजवा हात गेला, आणि आठवणही येते-जाते. त्या दिवशी मी आधी किशोरशेठना फोन केला. गाड्यांचा बेत त्यांनी केव्हाच सोडला होता. मी सगळे सांगितले. कापड माझे, अहवाल माझा, जानेवारीचे ठिपकेही. ते म्हणाले, "अहो काका, जाने दो. आता त्याचं काय करायचं? तब्येत सांभाळा." त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. मी फोन धरून उभा राहिलो. मला वाटले होते, खरे सांगितले की ते कोणीतरी घेईल.

सुमनने तंबू धुऊन, वाळवून, नीट घडी करून पिशवीत भरला. मी तो धुळ्याला नेणार होतो, ती येणार नव्हती. "मी आले तर तुम्ही माझ्या आडून बोलाल," ती म्हणाली.

दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. टोपी होती, पण कडेला सुया नव्हत्या. उजवा हात मांडीवर, कोणी आणून ठेवल्यासारखा. रेखाने मला ओळखले. तिने बसायला मोढा पुढे केला आणि आबांच्या कानाशी वाकून सांगितले, "जळगावचे भाऊ आलेत."

"कोन?"

"गाडीवाले. तंबूवाले."

आबा माझ्याकडे बघून ओळखीचे नसलेले हसले.

मी बोललो. घरून पाठ करून आणलेले सगळे विसरलो आणि जसे आले तसे बोललो. शिलाई चांगली होती, आबा. कापड माझं होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुमच्या हाताची काही चूक नव्हती. आबा लक्ष देऊन ऐकत होते, पाहुण्याच्या घरची अडचण ऐकावी तसे. मध्येच मान हलवत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "काय आनेल शे?"

मी पिशवीतून तंबू काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा हात कापडावर गेला आणि तो हात मात्र जुनाच होता. अंगठा आणि बोट यांच्यात कापड धरून चोळत चोळत ते फाटीपर्यंत आले. फाटीच्या कडेवरून बोट फिरवले. "पापड," ते म्हणाले. "कोनं आनं हाई कापड?"

"मी, आबा. मी आणलं."

त्यांनी ऐकले की नाही कळले नाही. बोट शिवणीवर गेले होते. तिथे ते थांबले. नखाने एक टाका उचलायला पाहिला. नाही उचलला. त्यांनी रेखाकडे हात पसरला. तिने समजून फळीवरचे जुने पाते आणून दिले. डाव्या हातात पाते धरून, कापड गुडघ्याखाली दाबून ते टाका काढू लागले. पाते घसरायचे. पुन्हा लावायचे. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. सहा वर्षे उन्हातान्हात, घड्यांत, घरात पडलेला दोरा. तो तुटला नाही. सैलही झाला नाही. आबांच्या कपाळावर घाम आला.

शेवटी त्यांनी पाते बाजूला ठेवले आणि शिवणीवरून कौतुकाने हात फिरवला.

"हाई कोनी शिवेल शे?"

रेखा म्हणाली, "तुम्हीच शिवलंय, आबा."

"नही वं." ते हसले. "मनी शिलाई ते उसवस."

मी तंबूचा आतला कोपरा उलटा केला, तो लाल टाका शोधला आणि त्यांच्या बोटाखाली धरला. माझा आवाज चढला होता. "आबा, हा बघा. लाल दोरा. तुमचा अंगठा. तुम्ही सुमनला सांगितलं होतंत."

त्यांनी डोळे बारीक करून तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"लाल दोरा बजारमा कोनले भी भेटस, भाऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी एका हाताने तंबूची घडी घालायला घेतली. जुन्या रेषेवर नाही, तिच्या शेजारी, नव्या जागी. रेखा मदतीला वाकली तर तिला थांबवले. घडी वाकडी झाली, पण पूर्ण झाली. ती त्यांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि वर दोनदा थोपटले.

"ज्यानी शिवं ना, त्यानाकडेच ली जा," ते म्हणाले. "चांगला कारागीर शे. त्याले सोडू नका."